भरतीच्या वेळी या जमिनीचे पाणी कुठे जाणार? कोकणातील बांधकाम परवानगी देणाऱ्या प्राधिकरणांना खुले पत्र

प्रति,
कोकण किनारपट्टीवरील नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी, नगररचना कार्यालयांतील अधिकारी आणि बिनशेतीची प्रकरणे हाताळणारे महसूल अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

पावसाळ्यात आपल्या दालनात निवेदने घेऊन येणाऱ्या शिष्टमंडळांची आपल्याला सवय झालेली असेल. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसांची छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, रहिवाशांच्या सह्या आणि शेवटी ‘तातडीने उपाययोजना व्हावी, ही विनंती’ हा ठरलेला मजकूर, असे त्या निवेदनांचे स्वरूप असते. एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून मीही अशी निवेदने लिहिली आहेत आणि त्यांच्या पोचपावत्या आमच्या दप्तरात नीट लावून ठेवल्या आहेत. हे पत्र त्या प्रकारातले नाही. आमच्या आवारात पाणी शिरते ही तक्रार आम्ही जिथे करायची तिथे केलेली आहे व करत राहू. येथे मला एवढेच मांडायचे आहे की, खाडीकाठच्या सखल खारजमिनींवर, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनींवर, आणि भातखाचरांवर उभ्या राहणाऱ्या वसाहतींना परवानगी देताना एक साधा प्रश्न विचारला जात नाही, आणि तो वेळेवर विचारला गेला नाही, तर नंतर कितीही खर्च केला तरी तो बहुतांशी वायाच जातो. भरतीच्या वेळी, पाऊस पडत असताना, या जमिनीचे पाणी कुठे जाणार, हा तो प्रश्न.

पाणी भरल्यानंतर जे अहवाल तयार होतात, त्यांत कारणाच्या रकान्यात जवळजवळ नेहमी ‘अतिवृष्टी’ असे लिहिलेले आढळते. महसूल खात्याच्या निकषानुसार २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे मानले जाते. पिकांच्या नुकसानीचे पंचनामे करण्यासाठी हा निकष उपयोगी असेलही. पण जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो, तिथे तरण्या-म्हाताऱ्या, म्हणजे पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांच्या पावसात दिवसाला ६५ मिलिमीटर म्हणजे काही आभाळ फाटणे नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, किंवा २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड बुडाले, ते दिवस वेगळे होते, आणि अशा दिवशी कोणतीही यंत्रणा अपुरी पडेल हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. आमची तक्रार त्या दिवसांविषयी नाही. आमच्याकडे पाणी भरते ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाची भरती आणि जुलैतला नेहमीचा पाऊस यांची गाठ पडते तेव्हा. दरवर्षी ठरलेल्या तिथीला येणाऱ्या संकटाला आपत्ती म्हणावे की नियोजनातली चूक म्हणावी, याचा निर्णय मी आपल्यावरच सोडतो.

आणखी एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. कोकणातल्या पुराची चर्चा निघाली की वाशिष्ठी, सावित्री, जगबुडी आणि अर्जुना या नद्यांची नावे घेतली जातात, आणि ते योग्यच आहे, कारण चिपळूण, महाड, खेड आणि राजापूर या बाजारपेठांनी जे सोसले आहे त्याला तोड नाही. मात्र नदीचा पूर घाटमाथ्यावरून येतो, पात्राबाहेर पडतो आणि पात्रात परततो. त्याच्यासाठी गाळ काढणे, पात्रातले अडथळे हटवणे, धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा आगाऊ इशारा देणे असे उपाय आहेत. खाडीकाठच्या सखल जमिनीवर साचणारे पाणी कुठूनही ‘येत’ नाही. ते तिथेच पडलेले असते आणि त्याला बाहेर जायला वाट नसते. नदीच्या पुराचा उपाय त्याला लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होतो.

आज ज्या जमिनीवर आमच्या इमारती उभ्या आहेत, ती पूर्वी पडीक नव्हती. ती कामात होती, आणि भात पिकवणे हे तिचे एकच काम नव्हते. रायगड जिल्ह्यातल्या पेण-अलिबागकडची मंडळी हे मला शिकवतील, कारण त्यांच्या कित्येक पिढ्या खारबांदिस्ती सांभाळण्यात गेल्या आहेत. खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून बाहेरकाठा बांध घातलेला असे आणि त्या बांधात पाणी सोडण्यासाठी उघाडी ठेवलेली असे. उघाडीची झडप खाडीच्या बाजूने लावलेली असते. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने ती आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. रचना इतकी साधी की तिला ना वीज लागते ना चालक. पण झडप मिटलेली असते त्या काही तासांत आतल्या जमिनीवर जो पाऊस पडतो, तो आतच राहतो. तो सामावून घेणे हे खाचरांचे दुसरे काम होते. वीतभर उंचीच्या बांधांच्या आत ते पाणी पसरून राही, भाताला त्याचा त्रास नसे, आणि ओहोटीला ते सावकाश निघून जाई. खारपट्ट्यात काळा राता, भुरा राता यांसारख्या, खारेपण सोसणाऱ्या जाती लावल्या जात. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानेही अशा जमिनींसाठी भाताच्या खास जाती तयार केल्या. म्हणजे या जमिनीचा स्वभाव शासनाच्याच एका हाताला चांगला ठाऊक आहे. तो दुसऱ्या हाताला, म्हणजे परवानगीवर सही करणाऱ्या हाताला, कळवला जात नाही एवढेच.

हिशेब मांडून पाहा. उघाडी चार तास मिटलेली आहे आणि त्या वेळात तासाला २५ मिलिमीटर या दराने पाऊस पडतो आहे, असे धरू. आषाढात असा पाऊस कोणालाही नवा नाही. चार तासांत १०० मिलिमीटर पाणी झाले. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे दर गुंठ्यामागे दहा हजार लिटर, थोडक्यात एक मोठा टँकरभर पाणी. तीस गुंठ्यांच्या भूखंडावर तीस टँकर आणि एकरावर चाळीस. खाचरे होती तोवर हे टँकर तिथेच पसरून उभे राहत. आता त्याच तीस गुंठ्यांवर मुरूम आणि डबर यांचा भराव टाकून, वर फरसबंदी करून इमारत बांधली, तर त्या पाण्यातले फारच थोडे तिथे मुरते, बाकीचे लगतच्या सखल जागेकडे निघते, आणि शिवाय जी साठवण नष्ट झाली ती कुठेही भरून काढलेली नसते. पावसाच्या पाण्याची साठवण या विषयावर आपण विकासकाकडून हमीपत्र घेता, छतावरच्या पन्हळीचे नकाशे तपासता. पण तीस टँकरांची जी साठवण भरावाखाली गाडली गेली, तिची नोंद कुठल्याच कागदावर नसते.

भरावाचा आणखी एक गुण असा की तो पाण्याची अडचण सोडवत नाही, ती शेजाऱ्याकडे सरकवतो. आमच्या भागात पहिल्या विकासकाने भराव केला तेव्हा पाणी मागच्या खाचरांत गेले. मागच्या खाचरांवर दुसरी वसाहत झाली आणि तिने हात-दीड हात जास्त भराव केला तेव्हा पाणी आमच्याकडे परतले. त्यानंतर रस्त्याचे काँक्रिटीकरण झाले, तेही जुना थर न उखडता, आणि आमचे आवार रस्त्यापेक्षा खाली जाऊन बशीसारखे झाले. आता तिसरी वसाहत उभी राहते आहे आणि अर्थातच तिचे जोते सगळ्यांत उंच आहे. पण या साऱ्यात सर्वांत मोठा अन्याय झाला तो जुन्या गावठाणावर. तिथली कौलारू घरे गावातल्या माणसांनी पाणी पाहून, उंचवट्यावर बांधलेली होती. ज्या घरांच्या ओटीला कधी पाणी लागले नव्हते, त्यांच्या मागच्या पडवीत आता ते येते, आणि त्या घरांतल्या माणसांनी तर आमच्यासारखी सदनिका घेतलेली नाही की नकाशावर सही केलेली नाही.

‘पाणी भरले’ हे दोन शब्द अहवालात वाचताना जे दिसत नाही तेही सांगतो. पाणी दारातून येत नाही. ते आधी न्हाणीच्या जाळीतून येते. बाहेर अजून आवारातल्या फरश्या दिसत असतात आणि आत तळमजल्यावरच्या न्हाणीत काळपट पाणी वर चढू लागते, संडासाचे भांडे गुडगुडते, कारण सेप्टिक टाकी भोवतालच्या पाण्याने भरलेली असते आणि तिचे पाणी आता उलट्या वाटेने परतत असते. त्यानंतर पिण्याच्या पाण्याच्या भूमिगत टाकीच्या झाकणावरून पाणी जाते, आणि मग पुढचे आठ-दहा दिवस चौथ्या मजल्यावरची माणसेही, ज्यांच्या घरात थेंबभर पाणी आलेले नाही, बाटल्या विकत घेत राहतात. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते म्हणून लिफ्ट बंद होते, आणि वीजपुरवठा तर खबरदारी म्हणून आधीच बंद केलेला असतो. आमच्या इमारतीत तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आहेत. उधाणाच्या दिवसांत पावसाचा जोर दिसला की त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आधीच नेऊन ठेवण्याची आता रीतच पडली आहे. धुलाई यंत्र सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवलेले आहे, फ्रिजही. पाणी ओसरल्यावर भिंती वाळतात, पण खाडीच्या पाण्यातले मीठ भिंतीत राहते. दिवाळीपर्यंत लोणा फुटतो आणि गिलाव्याचे पोपडे गळू लागतात. रंगारी दरवर्षी तोच आहे.

आता नियमांकडे वळतो, कारण नियम नाहीत असे म्हणण्याची सोय कोणालाच नाही. मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत नदीच्या निळ्या व लाल पूररेषांविषयी स्पष्ट तरतूद आहे. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला जवळपास मज्जाव आहे, आणि निळ्या व लाल रेषांच्या दरम्यान बांधायचेच असेल तर ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच असावे लागते. दुसरीकडे सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. ती १९९१ मध्ये आली, २०११ आणि २०१९ मध्ये बदलली, आणि तिच्यात उच्चतम भरतीच्या रेषेपासून अंतरे मोजली जातात. म्हणजे नदीसाठी एक रेषा आहे, समुद्रासाठी एक रेषा आहे. परंतु नदीच्या पूररेषेबाहेर आणि नियमन क्षेत्राच्याही बाहेर असलेली, तरीही भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा तिच्याही खाली असलेली जी विस्तीर्ण खारजमीन आहे, तिथे साचणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी कोणतीही रेषा आखलेली नाही. नेमक्या याच पट्ट्यात आज सर्वांत जास्त बांधकाम चालू आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे: तिथे कोणतीच रेषा आड येत नाही आणि सपाट जमीन कोकणात दुर्मीळ आहे.

नाल्यांबाबतही असेच होते. नाल्याच्या काठापासून किती अंतर सोडावे याचा नियम आहे, पण तो नकाशावर दाखवलेल्या नाल्यापुरता. खाचरांमधून पाणी नाल्यातून जात नाही. वरच्या खाचराचा बांध एका जागी थोडा कापून ते खालच्या खाचरात सोडलेले असते, तिथून त्याखालच्या, आणि शेवटी व्हाळात (ओढ्यात) किंवा उघाडीपाशी. ही वाट शेतकऱ्याला पाठ असते, पण गावनकाशावर तिची रेघ नसते. त्यामुळे ‘भूखंडातून कोणताही नैसर्गिक प्रवाह जात नाही’ असे विकासकाने लिहून दिले आणि भूमापकाने त्याला दुजोरा दिला, तर दोघेही खोटे बोललेले नसतात. जागेवर उन्हाळ्यात गेलात तर प्रवाह दिसणारच नाही. पावसाळ्यात गेलात तर अख्खी जमीनच प्रवाह असते.

आणि तरीही मी म्हणेन की आपल्याला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याच नियमावलीत जागेच्या योग्यतेविषयीच्या कलमात म्हटले आहे की जी जागा आरोग्याला अपायकारक आहे, जिचा निचरा नीट होऊ शकत नाही किंवा जी धोकादायक आहे असे प्राधिकरणाला वाटते, ती बांधकामासाठी वापरता येणार नाही. निचरा नीट होऊ शकत नाही, हे शब्द आधीच तिथे आहेत. ‘प्राधिकरणाला वाटते’ हेही शब्द तिथे आहेत, म्हणजे अधिकार आपला आहे. हे कलम वापरून किती प्रस्ताव परत पाठवले गेले, याची माहिती आपापल्या कार्यालयापुरती आपण स्वतःच एकदा काढून पाहावी.

हा प्रश्न खरोखर विचारायचा ठरवला तर त्याचे उत्तर अवघड नाही, कारण उत्तरासाठी लागणारी माहिती बहुतेक तयार आहे. भरतीच्या वेळा आणि उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकांत वर्षभर आधी छापलेल्या असतात. मुंबई महानगरपालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते ती याच आधारावर. अडचण फक्त एका ठिकाणी येते आणि तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. कोष्टकातली भरतीची उंची ज्या शून्यापासून मोजतात, तो शून्य म्हणजे नीचतम ओहोटीच्या आसपासची पातळी असते, तर आपले अभियंते जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. मुंबईजवळ या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरांचा फरक आहे. त्यामुळे साडेचार मीटरची भरती म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण दोन मीटर पाणी. जमीन पावणेदोन मीटरवर असेल तर ती त्या भरतीच्या खाली आहे, हे दोन्ही आकडे एका मापात मांडल्याशिवाय कळणारच नाही. विकासकाच्या नकाशात तर बहुधा तेवढेही नसते. त्यात जोत्याची उंची ‘सभोवतालच्या जमिनीपासून’ दाखवलेली असते आणि सभोवतालची जमीन कशापासून किती उंच आहे, हे कोणी विचारत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी ही की, सखल पट्ट्यातल्या प्रत्येक प्रस्तावासोबत मूळ जमिनीची, प्रस्तावित भरावाची, पाणी जिथे सोडणार त्या गटाराच्या तळाची, त्या गटाराच्या शेवटी असलेल्या उघाडीच्या उंबऱ्याची आणि उधाणाच्या भरतीची पातळी, या पाचही पातळ्या एकाच मापात, एकाच कागदावर, मोजणाऱ्याच्या सहीनिशी घ्याव्यात. तो एक कागद पाहिला की बाकीचे प्रश्न आपोआप पुढे येतील. भरतीच्या काळात बाहेर जाऊ न शकणारे पाणी भूखंडातच ठेवण्यासाठी पुरेशी जागा आहे का, आणि नसेल तर भराव का मंजूर करावा, हा त्यातला पहिला. गटाराची रुंदी हा शेवटचा. गटार कितीही रुंद केले तरी त्याचे तोंड भरतीच्या पातळीखाली असेल तर त्यातून पाणी बाहेर जात नाही, आणि झडप नसेल तर उलट खाडीच आत येते. आमच्याकडे काँक्रीटचे नवे गटार झाले त्या वर्षी पहिल्यांदाच आवारात पाण्याबरोबर चिंबोऱ्या आल्या. मुलांना मौज वाटली.

नवी मुंबई वसवताना सिडकोने हा प्रश्न विचारला होता, हे येथे मान्य केले पाहिजे. भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर शहर उभे करायचे तर भरतीच्या वेळी पावसाचे पाणी थांबवून ठेवायला जागा हवी, हे ओळखून तिथे धारण तलाव आणि झडपा यांची योजना आधीच केली गेली. पुढे त्या तलावांत गाळ साठला, कांदळवन वाढले, आणि आता गाळ काढायचा तर कांदळवनाच्या संरक्षणाचे नियम आडवे येतात, असा पेच तिथे निर्माण झालेला आहे. योजना चुकली नव्हती, देखभाल राहिली. आमच्याकडच्या छोट्या शहरांत योजनाही नाही आणि देखभालही नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी दिवसेंदिवस ओसरले नाही, तेव्हा खाजणे, मिठागरे आणि शेते हीच त्या भागाची धारणक्षेत्रे होती, ही गोष्ट पुन्हा एकदा सर्वांच्या ध्यानात आली. पेणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या शहरांना तिथवर पोहोचण्याआधी थांबण्याची संधी अजून आहे.

देखभालीचा विषय निघालाच आहे तर उघाड्यांचेही सांगतो. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम १९७९ चा आहे आणि त्याचा हेतू शेती वाचवणे हा होता. जमीन शेतीची राहिली नाही की त्या बांधाची आणि उघाडीची जबाबदारी हवेत तरंगू लागते. आमच्या जवळच्या उघाडीची एक झडप गंजून पडली तेव्हा एका कार्यालयाने सांगितले की लाभक्षेत्र आता शेतीखाली नाही, आणि दुसऱ्याने सांगितले की बांध आमच्या मालकीचा नाही. दोन्ही उत्तरे लेखी आहेत आणि दोन्ही बहुधा नियमाला धरून आहेत. पूर्वी बांधाला खांड पडली तर गावातली माणसे रात्री कंदील घेऊन चिखलात उतरत, कारण पीक त्यांचे होते. आज त्या बांधामागे राहणाऱ्या आम्हा लोकांपैकी अर्ध्यांना बांध कुठे आहे हेही ठाऊक नाही. त्यामुळे बिनशेती परवानगी देतानाच त्या जमिनीला राखणारा बांध आणि उघाडी यापुढे कोण सांभाळणार, त्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली पडणार, हे आदेशात लिहिले जावे, ही माझी दुसरी मागणी आहे.

घर घेणाऱ्याने आधी पाहायला नको होते का, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण घर घेणारा येतो तो बहुधा दिवाळीनंतर किंवा मे महिन्याच्या सुट्टीत. त्याला समोर हिरवीगार किंवा कापणी झालेली सपाट जमीन दिसते, लांबवर खाडी चमकते, आणि माहितीपत्रकात तिलाच ‘निसर्गरम्य परिसर’ म्हटलेले असते. निवृत्तीनंतर गावाकडे परतणारे चाकरमानी, इथल्या शाळांतले शिक्षक, पोलीस, बँकेतले कर्मचारी, अशी ही माणसे. ती आपल्या परवानगीवर विश्वास ठेवतात. कर्ज देणारी बँक तीस वर्षांच्या मालकी हक्काचा शोध घेते, जमिनीच्या उंचीचा घेत नाही. स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामातला दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो, पण आमच्या इमारतीला तडा गेलेला नाही, तिचे काम चांगले आहे. दोष तिच्याखालच्या जमिनीत आहे, आणि तिला योग्य ठरवणारा कागद शासनाचा आहे. तेव्हा वर सांगितलेला पाच पातळ्यांचा कागद मंजूर नकाशासोबत महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर खुला ठेवणे विकासकावर बंधनकारक करावे. तो पाहूनही कोणी तळमजला घेतला, तर मग त्याने तक्रार करू नये, हे मी आमच्या सभासदांनाही ऐकवायला तयार आहे.

उरलेल्या खाचरांविषयी एक अवघड गोष्ट बोलणे भाग आहे. आमच्या घरात पाणी येऊ नये म्हणून शेजारच्या शेतकऱ्याने त्याची जमीन तशीच ठेवावी, असे म्हणण्याचा आम्हाला काय अधिकार? आम्ही स्वतः कोणा शेतकऱ्याच्या खाचरावरच राहतो. भातशेतीला मजूर मिळत नाहीत, बांध फुटला की खारे पाणी शिरते आणि जमीन पुढची काही वर्षे नापीक होते, आणि गुंठ्याला मिळणारा भाव डोळे फिरवणारा आहे. अशा वेळी त्याने विकू नये असे सांगणे हा ढोंगीपणा ठरेल. म्हणून विकास आराखड्याच्या पुढच्या सुधारणेत शिल्लक राहिलेल्या सर्वांत सखल जमिनी धारणक्षेत्र म्हणून आरक्षित कराव्यात आणि त्यांच्या मालकांना पैशांत किंवा हस्तांतरणीय विकास हक्काच्या (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) रूपाने रास्त मोबदला द्यावा. हा मोबदला कोणी द्यावा, हेही मी टाळत नाही. ज्या वसाहती त्या साठवणीचा फायदा घेतात त्यांच्या विकास शुल्कातून तो यावा, आणि आमच्यासारख्या जुन्या वसाहतींवर काही उपकर बसणार असेल तर तोही बसावा. दरवर्षी मोटारपंप, विजेची दुरुस्ती आणि गिलावा यांवर आम्ही जो खर्च करतो, त्याच्यापुढे तो बहुधा स्वस्तच पडेल. आमच्या सर्वसाधारण सभेत या मुद्द्यावर मतभेद झाले, हे प्रामाणिकपणे सांगतो. तळमजल्यावरचे एका बाजूला आणि वरच्या मजल्यांवरचे दुसऱ्या बाजूला.

शेवटी पाहणीविषयी. पाणी भरल्यावर अधिकारी येतात ते बहुधा दुसऱ्या दिवशी, पाणी उतरल्यावर. तेव्हा गटार रिकामे वाहत असते, आणि ‘निचरा सुरळीत सुरू असल्याचे आढळले’ असा शेरा पडतो. भोगवटा प्रमाणपत्रासाठीची पाहणी तर पावसाळ्यात होईलच असे नाही. माझी विनंती आहे की सखल भागातल्या कोणत्याही वसाहतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी एक पाहणी जुलै किंवा ऑगस्टमध्ये, उधाणाच्या दिवशी, भरतीच्या वेळी व्हावी. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साधारणपणे दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे कार्यालयीन वेळेतच. त्या दिवशी पाऊस असेल असे नाही, पण उघाडी मिटलेली, गटार तुंबलेले आणि खाडीचे पाणी कुठवर चढते हे तरी दिसेल. आमच्या आवारात गेल्या काही पावसाळ्यांत पाणी कुठवर आले याच्या खुणा आम्ही जिन्याच्या भिंतीवर तारखेसह रंगवून ठेवल्या आहेत, आणि त्या त्या दिवशीच्या भरतीच्या वेळाही शेजारी लिहिल्या आहेत. आपल्यापैकी जे कोणी ही पाहणी करू इच्छितील त्यांना त्या नोंदींची प्रत आम्ही देऊ, आणि आधी कळवल्यास गमबूटही तयार ठेवू.

आपला विश्वासू,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव,
रायगड जिल्हा